रिकाम्या खुर्च्यांची कातरवेळ



चित्रात माणूस नसला की आपण त्याला निसर्गचित्र म्हणतो आणि पुढे सरकतो. परंतु आंरी ल सिदानेर या फ्रेंच चित्रकाराच्या बागेतून असे सरकता येत नाही. झाडांखाली टेबल मांडलेले, त्यावर पांढरी चादर, पेले, फळे; भोवती खुर्च्या आणि मागे घराच्या खिडकीत दिवा. माणूस मात्र कोठेच नाही. मंडळी आताच उठून गेली, की अजून यायची आहेत?

सिदानेर १८६२ साली मॉरिशसमध्ये जन्मला, बालपणीच उत्तर फ्रान्समध्ये आला. त्याच्या आरंभीच्या चित्रांत माणसे होती. फिरायला निघालेल्या अनाथ मुलींचे १८८८ चे चित्र प्रसिद्धच आहे. पुढे ही माणसे हळूहळू निघून गेली. १९०१ मध्ये तो पॅरिसच्या उत्तरेकडील झेर्बरुआ या चिमुकल्या गावी आला, १९०४ मध्ये तेथे घर घेतले आणि जुन्या गढीच्या अवशेषांवर बाग उठवली. एक भाग गुलाबांचा, एक केवळ पांढऱ्या फुलांचा. म्हणजे पाहा, चित्रातला एकांत त्याने आधी मातीत लावला!

आणि वेळ बहुधा कातरवेळच का? याचे एक कारण डोळ्यातच आहे. प्रकाश मंदावला की तांबडा रंग आधी काळवंडतो, निळा-हिरवा त्या मानाने उजळ भासतो. पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवले. आपल्या परसातही पाहावे. जास्वंद काळी पडते, मोगरा दिसत राहतो. सिदानेरची ती चादरही अशीच, सगळ्यांच्या मागे राहिलेली.

आमचे एक मित्र ही चित्रे उदास आहेत म्हणतात. काही अंमळ गोड झाली आहेत, हे आम्हीही मान्य करू. पण उदास? खिडकीतला तो पिवळा ठिपका कोणीतरी पेटवला आहे ना? घरातून नुकताच कोणी गेला असेल, तर त्या ठिपक्याकडे पाहवत नाही, हेही खरे. आमच्या मातोश्री गेल्या त्या वर्षी आम्ही या चित्रांचे पुस्तक उघडलेच नाही. पुढे एके संध्याकाळी उघडले. तिन्हीसांजा झाल्या होत्या, स्वयंपाकघरात दिवा लागला होता, आणि सवयीने एक पाट जास्त मांडला गेला होता. तो आम्ही उचलला नाही.