कायदा आणि अर्थशास्त्र : दोन विद्यांची एक साधना



कायदा आणि अर्थशास्त्र यांचा अभ्यास जोडीने करणारा विद्यार्थी दोन पदव्यांच्या हौसेने तसे करतो, असा पुष्कळांचा समज असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे पाहिले म्हणजे हा समज किती अपुरा आहे ते कळते. त्या विद्यार्थिदशेचा धागा बडोद्याशी जोडलेला आहे.

महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. १९१६ साली लंडनला येऊन त्यांनी बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत सरल्याने १९१७ साली दोन्ही अभ्यास अर्धवट ठेवून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. परंतु अस्पृश्यतेपायी या विद्वानाला त्या शहरात राहावयास घर मिळाले नाही. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांच्या साहाय्याने १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथे ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. ही पदवी संपादन केली.

या दुहेरी साधनेचे फळ कोणते? शेतीचे तुकडे कायद्याने एकत्र करावेत, असा विचार त्या काळी जोरात होता. बडोदे संस्थानच्या समितीनेही त्याचा ऊहापोह केला होता. १९१८ सालच्या निबंधात आंबेडकरांनी दाखविले की, शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवर ठरत नाही. भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्या प्रमाणावर ठरते. जमिनीवरील माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळल्यावाचून निव्वळ कायदा अपुरा पडेल.

मात्र जेथे कायदाच हवा होता, तेथे त्यांनी तो लिहिला. १९३७ साली कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधानसभेत मांडले. कसणाऱ्या कुळाला जमिनीचा हक्क आणि खोताला वाजवी भरपाई, अशी त्याची रचना होती. हक्क कोणाचा हा कायद्याचा प्रश्न. त्याची किंमत कोणी द्यावयाची हा अर्थशास्त्राचा. येथे दोहोंचा विचार एकाच मसुद्यात झाला.

ग्रंथालयात ही दोन शास्त्रे निरनिराळ्या कपाटांत असतात. तरुण वाचकांनी दोन्ही कपाटांच्या किल्ल्या मागून घ्याव्यात, आणि ग्रंथालयाने त्या आनंदाने द्याव्यात.