घरगुती स्वच्छताद्रव्ये : स्वावलंबनाचा खरा हिशेब

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अर्थशास्त्राच्या व्याख्यानाला मी आज मूठभर रिठे घेऊन आलो आहे, याचे तुम्हांला नवल वाटेल. परंतु राष्ट्रीय उत्पन्न, श्रमशक्ती, बाह्य परिणाम आणि संधित्याग खर्च या तुमच्या अभ्यासक्रमातील चारही संकल्पना या सुरकुतलेल्या फळाच्या आधारे समजावून घेता येतात.

माझ्या बालपणी आमच्या घरी चुलीशेजारी राखेचे घमेले असे. भांडी राखेने व नारळाच्या शेंडीने घासली जात, देवाची तांब्या-पितळेची उपकरणी चिंचेने उजळत आणि आईचे रेशमी पातळ रिठ्याच्या पाण्यात धुतले जाई. यामागे शास्त्र होते. लाकडाच्या राखेतील पोटॅशियम कार्बोनेट अल्कधर्मी असल्याने तेलकटपणा निघतो. चिंचेतील टार्टारिक आणि लिंबातील सायट्रिक आम्ल तांब्यावरील ऑक्साइडचा थर विरघळवते. रिठ्यातील सॅपोनिन हे द्रव्य पाण्याचा पृष्ठताण कमी करून फेस निर्माण करते. साबण जड पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावून साका धरतो, रिठ्याचा फेस मात्र तेथेही टिकतो.

घरातून बाजाराकडे

घरात तयार होणारी वस्तू बाजारात गेली म्हणजे काय घडते, याचे उत्तम उदाहरण गुजरातमध्ये सापडते. शासकीय सेवेतील रसायनतज्ज्ञ करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबाद येथे स्वतःच्या घरी धुण्याची पावडर तयार करून ती सायकलवरून दारोदार विकण्यास प्रारंभ केला. पुढे ‘निरमा’ हे नाव देशभर पोहोचले. स्वस्त पावडरीमुळे सामान्य कुटुंबांचे, विशेषतः स्त्रियांचे, कष्ट कमी झाले, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु वस्तूच्या किमतीत तिचा संपूर्ण सामाजिक खर्च नेहमीच येत नाही. बंगळूरचा बेळंदूर तलाव आणि दिल्लीजवळील यमुना यांवर साचलेल्या फेसाची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. प्रक्रिया न केलेले सांडपाणी आणि त्यातील अपमार्जके व फॉस्फेट ही त्याची प्रमुख कारणे होत. या प्रदूषणाचा भार पावडरीच्या पुड्यावर छापलेल्या किमतीत नसतो; तो नदीकाठच्या लोकांवर पडतो. यालाच आपण ऋण बाह्य परिणाम म्हणतो. पर्यावरणस्नेही वस्तूंना वेगळे चिन्ह देणारी ‘इकोमार्क’ योजना केंद्र शासनाने १९९१ मध्ये सुरू केली, तिच्यात साबण व अपमार्जकांचा समावेश होता. २०२४ मध्ये या योजनेचे नवे नियम अधिसूचित झाले.

उत्पन्न कोठे मोजले जाते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गृहिणीने दुकानातून फरशी पुसण्याचे द्रव्य विकत घेतले, तर त्याचे मूल्य राष्ट्रीय उत्पन्नात येते. तेच द्रव्य तिने घरी तयार केले तर? १९९३ ची आंतरराष्ट्रीय राष्ट्रीय लेखा पद्धती आणि तिची २००८ ची आवृत्ती यांनुसार, कुटुंबाने स्वतःच्या वापरासाठी तयार केलेल्या वस्तू उत्पादनाच्या व्याख्येत बसतात. परंतु त्या वस्तूच्या देशातील एकूण पुरवठ्यात हे प्रमाण लक्षणीय असेल तरच त्यांची नोंद अपेक्षित असते. साहजिकच घरच्या बाटलीतील द्रव्य मोजणीबाहेर राहते. त्याच द्रव्याने ती फरशी पुसते ती मात्र सेवा होय, आणि स्वतःच्या कुटुंबासाठी केलेली विनामोबदला सेवा उत्पादनाच्या सीमेबाहेर ठेवली आहे. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच ही विसंगती दाखवली होती : एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकाम करणाऱ्या पगारी स्त्रीशी विवाह केला, तर काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते!

श्रमशक्तीच्या सर्वेक्षणांतही घरकामात गुंतलेल्या स्त्रीला ९२ वा ९३ हे संकेतांक मिळतात. घरकामाबरोबर ती कुटुंबासाठी सरपण वा भाजीपाला गोळा करीत असेल, शिवणकाम करीत असेल, तर तिचा संकेतांक ९३ असतो. दोन्ही प्रकारांत ती श्रमशक्तीबाहेर गणली जाते. प्रत्यक्षात २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर सहभागी पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ होते.

एका बाटलीचा हिशेब

‘घरी करा, पैसे वाचवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो तपासून पाहू. संत्री, मोसंबी, लिंबे यांच्या सालींपासून फरशी पुसण्याचे द्रव्य करण्याची कृती सोपी आहे. गूळ १ भाग, साली ३ भाग आणि पाणी १० भाग, म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली व १ लिटर पाणी, प्लास्टिकच्या बाटलीत थोडी जागा मोकळी ठेवून भरावे. आंबताना वायू तयार होत असल्याने काचेची बाटली वापरू नये आणि पहिला महिनाभर झाकण रोज सैल करून वायू सोडावा. तीन महिन्यांनी मिश्रण गाळून पाण्यात मिसळून वापरावे.

समजा, गुळाचे ६ रुपये झाले. साली फुकट. बाजारातील बाटली १०० रुपयांची धरली, तर ९४ रुपये वाचले असे वाटते. परंतु साली चिरणे, झाकण उघडणे, गाळणे यांत एकूण दीड तास गेला आणि त्या वेळेचे मूल्य तासाला ४० रुपये मानले, तर खर्च ६६ रुपये होतो. बचत ३४ रुपयांचीच! उरलेले ६० रुपये वाचलेले नाहीत; ते घरातील एका व्यक्तीने आपल्या वेळेच्या रूपाने भरले आहेत. ‘तिला तरी दुसरे काय काम आहे?’ असे कोणी म्हणेल. त्या दीड तासात तिला वाचता आले असते, कमावता आले असते किंवा नुसती विश्रांती घेता आली असती. संधित्याग खर्च म्हणतात तो हाच.

आता हेच द्रव्य एकदम १० लिटर केले तर? गूळ ६० रुपयांचा लागेल. पण वेळ दहापट लागत नाही. तीन तास धरले तर श्रमाचे १२० रुपये, एकूण १८० रुपये, म्हणजे लिटरला १८ रुपये. हे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे लाभ होत. त्यामुळे प्रत्येक घरी एकेक बाटली करण्यापेक्षा दहा जणींनी एकत्र येऊन उत्पादन करणे अधिक किफायतशीर ठरते, आणि विक्री झाली की त्यांचे श्रम मोजणीतही येतात.

यासाठी लागणारी संस्थात्मक चौकट देशात उपलब्ध आहे. नाबार्डने १९९२ मध्ये स्वयंसहाय्यता गट बँकांशी जोडण्यास प्रारंभ केला. २०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियान सुरू झाले. गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना २०१३-१४ पासून असून पुढे तिच्या यादीत वाळलेल्या शिकेकाईचाही समावेश झाला. वनोपजांवर संग्राहकांनीच प्रक्रिया करावी, या हेतूने २०१८ मध्ये वनधन योजना आली. शिकेकाईच्या शेंगा विकण्यापेक्षा तिची पूड विकली, तर मूल्यवर्धनाचा वाटा गावात राहतो.

मर्यादांचे भान

‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे. रिठ्याचे सॅपोनिन माशांना घातक असते; म्हणून ते पाणी तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नये. लिंबू-व्हिनेगर यांनी डाग निघतात, पण रुग्णाच्या खोलीत प्रमाणित जंतुनाशकाला ते पर्याय नाहीत. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केल्यास दोघेही परस्परांचा प्रभाव नाहीसा करतात. क्लोरीनयुक्त विरंजकात कोणतेही आम्ल मिसळल्यास विषारी वायू निर्माण होतो. ही चूक कदापि करू नये.

मित्रहो, उद्या तुमच्यापैकी काही जण प्रशासनात जातील. एखाद्या गावात घरगुती उद्योगाचा प्रस्ताव तुमच्यासमोर येईल, तेव्हा कच्च्या मालाचा खर्च आणि विक्रीची किंमत यांबरोबर आणखी एक रकाना आखा : यात कोणाचा किती वेळ जाणार आहे आणि त्याचा मोबदला कोणाला मिळणार आहे? माझ्या आईच्या हातची भांडी लख्ख असत. त्यासाठी तिचे किती तास गेले, याची नोंद मात्र आमच्या घरच्या जमाखर्चाच्या वहीत कधीच झाली नाही. तुमच्या वहीत ती व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.