ठेवीदाराच्या वतीने विचारलेले प्रश्न



सर्वप्रथम पारितोषिक विजेत्यांचं मनापासून अभिनंदन. ज्यांना बक्षीस मिळालं नाही पण ज्यांनी महिनाभर तालमी केल्या, पडदे बांधले, खुर्च्या लावल्या, त्यांचंही अभिनंदन. ज्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांनी शिक्षक म्हणून मुलं घडवली, त्या गावात मला बोलायला बोलावलंत, याबद्दल मी आपली ऋणी आहे.

मी धारूर तालुक्यातली. माझी सगळी नोकरी बँकेच्या मनुष्यबळ विभागात गेली. नव्याने भरती होणाऱ्या मुलामुलींची कागदपत्रं आणि पूर्वचरित्र तपासण्याचं काम मी केलं. प्राचार्यांनी सांगितलं की इथली बरीच मुलं बँक भरतीची तयारी करतात, कुणी मायक्रोफायनान्समध्ये, कुणी विमा कंपनीत जायचं म्हणतात. म्हणून आज यशाची सूत्रं वगैरे न सांगता एका नेमक्या गोष्टीवर बोलते. परीक्षा पास झालात, मुलाखत झाली, यादीत नाव आलं, घरी पेढे वाटले, की त्यानंतर सुरू होते ती पडताळणी.

ही पडताळणी अनेकांना अपमानास्पद वाटते. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं मुलं विचारतात. त्याचं उत्तर बीड जिल्ह्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

आज या मंडपात तुमच्यापैकी कित्येकांचे आईवडील नाहीत. ते कारखान्यावर आहेत. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन निघालेली माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडतायत. उचल फिटून जे चार पैसे उरतात, ते पाडव्याच्या आसपास गावी येतात आणि कुठेतरी ठेवले जातात, मुलीच्या लग्नासाठी किंवा तुमच्या शिक्षणासाठी. ते ज्या खिडकीतून आत जातात, त्या खिडकीच्या पलीकडे उद्या तुम्ही बसणार आहात. खिडकीबाहेरच्या बाईला तुमचं पूर्वचरित्र तपासता येत नाही. ती फक्त पावती घेते आणि विश्वास ठेवते. म्हणून तिच्या वतीने कुणीतरी आधी विचारावं लागतं की हा माणूस कोण आहे, खरं बोलतो का, दुसऱ्याचा पैसा कसा हाताळतो. पडताळणी म्हणजे ठेवीदाराच्या वतीने विचारलेले प्रश्न. माझं आजचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

कायद्यानेही हे फार पूर्वी ओळखलं आहे. 1949 च्या बँकिंग नियमन कायद्याचं दहावं कलम सांगतं की नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या किंवा दिवाळखोर ठरलेल्या माणसाला बँकेने नोकरीत ठेवायचं नाही. ही मनाई एखाद्या व्यवस्थापकाच्या मर्जीवर सोडलेली नाही, ती संसदेच्या कायद्यात आहे. वसुली एजंटांसाठी रिझर्व्ह बँकेने 2008 मध्ये सूचना दिल्या, त्यातही एजन्सीने आपल्या माणसांचं पूर्वचरित्र तपासावं असं सांगितलं. कारण हा माणूस कर्जदाराच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहतो. ब्रिटनमध्येही 2017 पासून वित्तसंस्थेतल्या जबाबदार पदांसाठी मागच्या सहा वर्षांतल्या मालकांकडून लेखी अभिप्राय घ्यावा लागतो. तेव्हा हे फक्त आपल्याच मागे लागलेलं शुक्लकाष्ठ नाही.

आता प्रत्यक्षात काय तपासतात ते सांगते. इथे मुलं अडकतात, आणि पुष्कळदा काही गुन्हा नसताना अडकतात.

पहिली गोष्ट, नाव आणि जन्मतारीख. शाळेत ज्ञानेश्वर, आधारवर माऊली. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव पूर्ण, पॅनवर नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या मुलीचं आडनाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी बिनदिक्कत 1 जून लिहिलेला असतो आणि जन्माच्या दाखल्यावर भलताच महिना निघतो. तपासणाऱ्याला तुमचं घर माहीत नसतं, त्याला दोन वेगळी माणसं दिसतात. दहावीचं प्रमाणपत्र पायाभूत धरून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. हे काम निवड झाल्यावर पंधरा दिवसांत होत नाही, प्रथम वर्षात असतानाच हाती घ्या.

दुसरी, पत्ता. पोलीस चारित्र्य पडताळणीत कधी घरी चौकशीला माणूस येतो, आणि ऊसतोडीच्या हंगामात घराला कुलूप असतं. शेजारी सांगतात, ‘इथं कुणी राहत नाही सध्या.’ तसाच शेरा जातो. तुमच्या गावच्या पोलीस पाटलांना, ग्रामपंचायतीला आधी कल्पना देऊन ठेवा. अर्जात कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता वेगळे लिहा, आणि आईवडील हंगामी स्थलांतर करतात हे मोकळेपणाने नोंदवा. ऊस तोडणं ही लपवायची गोष्ट नाही. आणि इथे बसलेल्या संस्थाचालकांना, बँकांच्या अधिकाऱ्यांनाही माझी विनंती आहे की कुलूप दिसलं म्हणून मुलगा संशयित ठरवू नका. आपल्या जिल्ह्यात गावंच्या गावं सहा महिने बाहेर असतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याने ते वर समजावून सांगितलं पाहिजे.

तिसरी, शिक्षण आणि अनुभव. गुणपत्रिका आज विद्यापीठाकडून किंवा डिजिलॉकरवरून पडताळता येते. ‘दोन वर्षं अमुक कंपनीत होतो’ असं लिहिलं, की भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन खात्यात कुणी, कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले ते दिसतं. खोटं अनुभवपत्र विकणारे शहरात भेटतात. त्यांचा कागद घेऊ नका. दोन वर्षं घरी बसून अभ्यास केला असेल तर तसंच लिहा. भाकड गेलेलं वर्ष समजून घेतलं जातं, रचलेलं वर्ष माफ होत नाही.

चौथी गोष्ट कर्जाची, आणि ती सगळ्यात नवी आहे. बँकेत नोकरी देताना आता तुमचा सिबिल अहवाल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी, बघतात. 2025 च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्टेट बँकेच्या बाजूने निकाल दिला. एका तरुणाची अधिकारी म्हणून निवड होऊन नेमणूकपत्र निघालं होतं, पण कर्जफेडीचा इतिहास खराब आढळल्याने ते रद्द झालं. जाहिरात निघाली तेव्हा थकबाकी नव्हती, असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने म्हटलं की लोकांचा पैसा हाताळणाऱ्याकडे आर्थिक शिस्त असलीच पाहिजे. इतर सरकारी बँकांच्या आयबीपीएस भरतीत नियम थोडा सैल आहे, पण रुजू होताना जुनी थकबाकी निस्तरल्याचा पुरावा तिथेही लागतो.

म्हणून हप्त्यावर घेतलेला मोबाइल, ॲपवरून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज, मित्राच्या मोटारसायकलला जामीन राहून केलेली सही, या गोष्टी हलक्यात घेऊ नका. जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज दिसतं. मित्राने हप्ते थकवले तर डाग तुमच्याही नावावर पडतो. देशात अशा नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. येत्या सुट्टीत तो काढा. चूक दिसली तर तक्रार करा. तीस दिवसांत निवारण झालं नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे.

इथे माझं एक प्रामाणिक मत मांडते. दुष्काळात बापाचं पीककर्ज थकलं, शैक्षणिक कर्ज घेऊन नोकरीच लागली नाही म्हणून पोराचे हप्ते चुकले, आणि ऐपत असून कुणी मुद्दाम बुडवलं, या तीन गोष्टी एका तराजूत घालणं अन्याय आहे. नुसता आकडा बघून मुलाला परत पाठवू नये, कारण विचारावं. मराठवाड्यातल्या मुलांसाठी ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे.

पाचवी, पोलीस केस. गावच्या भांडणात, मिरवणुकीत, आंदोलनात नाव आलेली मुलं माझ्याकडे यायची. पुष्कळांना कुणीतरी सांगितलेलं असायचं, ‘अर्जात लिहू नको, कुणाला कळतंय?’ हा सल्ला घात करतो. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये याची चौकट आखून दिली आहे. विचारलेली माहिती खरी द्यायची, मग खटला चालू असो, शिक्षा झालेली असो की निर्दोष सुटका झालेली असो. आणि तरुणपणी दिलेल्या घोषणांसारखा किरकोळ प्रकार असेल, तर नेमणूक करणाऱ्याला तो माफ करता येतो. केस किरकोळ असली तर मार्ग निघू शकतो. ती दडवली, तर तुम्ही काय केलं हा प्रश्न मागे पडतो आणि तुम्ही खोटं बोललात एवढंच उरतं.

याच ओघात दोन गोष्टी जीव तोडून सांगते. हातात शस्त्र घेऊन रील टाकू नका. आणि स्वतःचं बँक खातं कुणालाही भाड्याने देऊ नका. ‘फक्त खातं वापरू दे, महिन्याला पाच हजार देतो’ म्हणणारा सायबर भामटा असतो. लुटीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरतो आणि पोलीस तुमच्या दारात येतात. ज्याला वित्त क्षेत्रात जायचंय, त्याची वाट तिथेच बंद होऊ शकते. तसंच ‘व्हेरिफिकेशन फी भरा, मग नेमणूकपत्र’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजा. पडताळणी करणारी संस्था संमतीपत्रावर सही घेते, ती वाचून करा. पैसे मात्र मागत नाही.

मित्रांनो, आतापर्यंत तुम्ही काय करायचं ते सांगितलं. आता तुम्ही काय विचारायचं ते सांगते.

आपल्या जिल्ह्याने ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेचं प्रकरण भोगलं आहे. लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले, 2024 मध्ये गुन्हे दाखल झाले, अध्यक्षांना अटक झाली, सक्तवसुली संचालनालयाने मालमत्तांवर टाच आणली. आरोपांचा निकाल न्यायालय देईल. पण निवृत्त शिक्षक, शेतकरी, विधवा बाया ठेव पावत्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, हे आपण पाहिलं आहे. बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं. हे किती जणांना कुणी समजावून सांगितलं होतं?

आणि ज्या संस्थांमध्ये पैसे बुडतात, तिथल्या काउंटरवर कोण असतं? तुमच्यासारखीच गावातली मुलंमुली. भाऊ, काका, मावशी म्हणत त्यांनी ठेवी आणलेल्या असतात, आणि पुढे गावाचा रोष त्यांच्यावरच येतो. शिपायापासून रोखपालापर्यंत सगळ्यांचे कागद तपासायचे आणि तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना कुणी विचारायचंच नाही, ही पडताळणी अर्धी आहे. बँकेच्या संचालकांसाठी रिझर्व्ह बँकेचे पात्रतेचे निकष आहेत. तसाच कस आपण प्रत्येक पतसंस्थेच्या संचालकांना लावला पाहिजे.

म्हणून नोकरीची ऑफर आली की तुम्हीही संस्थेची पडताळणी करा. ती बँक आहे की पतसंस्था? रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का? लेखापरीक्षण अहवाल बघायला मिळतो का? कर्जं संचालकांच्याच नातेवाइकांना गेली आहेत का? बाजारात कुणीच देत नाही असं व्याज ही संस्था कुठून देते? आणि तुम्हाला पहिल्याच महिन्यात ‘नातेवाइकांच्या ठेवी आणा’ असं उद्दिष्ट देतात का? उत्तरं मिळाली नाहीत तर ती नोकरी नाकारण्याची हिंमत ठेवा. नोकरी दुसरी मिळेल. मावशीने विश्वासाने दिलेली ठेव बुडाली तर ती तुम्ही भरून देऊ शकणार नाही.

प्राचार्य महोदय, आपल्या महाविद्यालयाला एक सुचवते. वाणिज्य विभागाने दरवर्षी दिवाळीनंतर एक आठवडा कागदपत्र तपासणीसाठी ठेवावा. अंतिम वर्षातल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, सिबिल अहवाल एकदा प्राध्यापकांच्या मदतीने ताडून बघावा. या कामाला खर्च फार नाही, माणसांचा वेळ लागेल. मी त्या आठवड्यात दरवर्षी येईन, हा शब्द देते.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, बीडचं नाव वर्तमानपत्रात वाईट कारणांनी येतं याचं तुम्हाला दुःख आहे, मलाही आहे. ते नाव बदलण्याचा एक मार्ग तुमच्या हातात आहे. देशातल्या कुठल्याही बँकेने बीडच्या मुलाचा अर्ज उघडावा, आणि त्यात लिहिलेली प्रत्येक ओळ खरी निघावी. असे शंभर अर्ज गेले, हजार गेले, तर जिल्ह्याची पत आपोआप उभी राहील. तुमच्या अर्जापासून सुरुवात करा.