स्क्रूड्रायव्हर आणि खोडरबर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



संगणकाच्या दुरुस्तीला कोणती हत्यारे लागतात ते मी सांगावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी काही त्यातली जाणकार नव्हे. घरचा संगणक आधी बिघडवून मग दुरुस्त केला, त्यात जे कळले तेवढेच सांगते.

धाकटीचे कॉलेजातले काम द्यायचे त्याच आठवड्यात आमचा संगणक रुसला. पडद्यावर काही दिसेना, नुसता पीं पीं आवाज. दुकानदार म्हणाले, मदरबोर्ड गेला, आठ हजार पडतील. महिनाअखेर होती, आठ हजार कोठून आणायचे? ह्यांना न सांगताच मी सुरीच्या टोकाने झाकणाचा स्क्रू काढायला बसले आणि त्याची खाच खरवडून पार गुळगुळीत केली. शेवटी पक्कडीने डोके धरून तो काढला. झाकणावरचे ओरखडे अजून आहेत.

त्या स्क्रूच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते. फिलिप्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९३६ साली त्याची पेटंटे मिळविली, म्हणून त्याला फिलिप्स म्हणतात. त्याच्या स्क्रूड्रायव्हरला नंबर असतात. टेबलावरच्या मोठ्या संगणकाला २ नंबर लागतो. लॅपटॉपला शून्य किंवा दोन शून्य. टोक खाचेत घट्ट बसले पाहिजे. हलले तर तो आपल्या कामाचा नव्हे, दुसरा घ्यावा. पैसे खर्च करायचे ते येथे. बाकीचे बहुतेक घरातच असते.

भुवयांचा चिमटा पडलेला स्क्रू उचलायला. धुळीला रंगाचा मऊ, कोरा ब्रश. लॅपटॉपची कड उकलायला जुने प्लॅस्टिकचे कार्ड. तेथे सुरी नकोच. काढलेले स्क्रू मी मसाल्याच्या डब्याच्या वाट्यांत ठेवते, ज्या जागेचे त्या वाटीत. लॅपटॉपचे स्क्रू लांबीला सारखे नसतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आतली पाटी फुटते.

आणखी एक. वायर भिंतीतून काढावी, आणि आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या पत्र्याला बोट लावावे. नायलॉनची साडी नेसून हे काम करू नये. अंगावरच्या विजेचा झटका आपल्याला जाणवतो तो सुमारे ३,००० व्होल्टला. आतल्या काही भागांना १०० व्होल्टही मारक ठरतात. वीज पुरविणारा डबा तर मी उघडतच नाही. वायर काढली तरी त्यात वीज साठून राहते.

तर त्या दिवशी मी मेमरीची पट्टी काढली. तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसले, कण झटकले, आणि दोन्ही खिट्या टक्‌ वाजेपर्यंत पट्टी पुन्हा दाबली. पडदा उजळला. धाकटी रडायची थांबली आणि मी रडू लागले. मदरबोर्ड अजून तोच आहे.

आपल्या मंडळाच्या संगणकाचे घड्याळ रोज सकाळी मागे जाते, आणि बचतगटाच्या नोंदींना भलत्याच तारखा पडतात. ते आतल्या रुपयाएवढ्या सेलमुळे असावे. सीआर २०३२ म्हणून मागितला की मिळतो, मी आणला आहे. कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी टॉर्च धरायला थांबा.