हरसूलच्या मांडवात विषाणूची वंशावळ



एचआयव्हीच्या मिश्र विषाणूंचे वर्गीकरण हा विषय, आणि परिषद हरसूलला, याचे अनेकांना नवल वाटले. पण विषाणू माणसांबरोबर फिरतो, आणि पोटासाठी फिरणे म्हणजे काय हे या भागाला शिकवावे लागत नाही. भात-नागली घरात आली की त्र्यंबक आणि पेठ तालुक्यांतल्या पाड्यांवरची माणसे गिरणाऱ्याच्या मजूर नाक्यावर उभी राहतात. तिथून कोणी द्राक्षबागेत जाते, कोणी नाशिकच्या बांधकामावर, कोणी हद्दीपलीकडे गुजरातेत. इथे आजार जास्त आहे, असा अर्थ यातून कोणी काढू नये. मात्र सतत गाव बदलणारी माणसे सुटली, तर विषाणूचा काढलेला नकाशा अपुरा राहतो.

हा विषाणू मिसळतो कसा? त्याच्या प्रत्येक कणात आरएनएच्या दोन प्रती असतात, प्रत्येकी सुमारे साडेनऊ हजार अक्षरांच्या. पेशीत शिरल्यावर त्याचे विकर या प्रतींवरून डीएनए लिहिते. दोन जुनी दप्तरे समोर ठेवून एकच उतारा करणाऱ्या कारकुनाची नजर मध्येच या पानावरून त्या पानावर जावी, तसे ते विकर एका प्रतीवरून दुसरीवर उडी मारते. दोन्ही प्रती सारख्या असतील तर काहीच कळत नाही. पण एकाच माणसाला दोन वेगळ्या उपप्रकारांची लागण झाली, ते दोन्ही एकाच पेशीत शिरले आणि दोघांची एकेक प्रत नव्या कणात बांधली गेली, तर पुढच्या पेशीत तयार होणारा विषाणू काही भागात एकाचा, काही भागात दुसऱ्याचा असतो.

या विषाणूच्या जगभर पसरलेल्या एम गटात ए, बी, सी, डी असे उपप्रकार आहेत. २०१९ मध्ये त्यांत एलची भर पडली. परस्परांशी संबंध नसलेल्या किमान तीन जणांत एकाच घडणीचा मिश्र विषाणू सापडला, तरच त्याला सीआरएफ, म्हणजे प्रसारात असलेला मिश्र प्रकार, म्हणून क्रमांक मिळतो. तेवढ्या जणांत न सापडलेला यूआरएफ, म्हणजे एकमेव मिश्र प्रकार, राहतो. थायलंडमध्ये पसरलेला सीआरएफ०१_एई हा या यादीतला पहिला. हे क्रमांक आता शंभराच्या पुढे गेले आहेत.

या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, आणि तो इथे अभिमानाने सांगायला हवा. १९९२ मध्ये पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. १९९९ मध्ये कविता लोले, रमेश परांजपे, अमेरिकेतील स्टुअर्ट रे आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या सहा नवबाधितांमधील विषाणूंचे जवळजवळ संपूर्ण जनुकीय क्रम प्रसिद्ध केले. पाच सी उपप्रकाराचे निघाले. सहावा ए आणि सी यांचा मिश्र होता. त्यातला ए आणि सी यांचा सांधा नेमका कुठे आहे हे पाहण्यासाठी रे यांची ‘सिमप्लॉट’ ही संगणकप्रणाली वापरली गेली: जनुकक्रमावरून एक छोटी खिडकी सरकवत न्यायची, प्रत्येक टप्प्यावर साम्य कोणाशी किती ते आलेखावर मांडायचे, रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे सांधा. आज इतर विषाणूंसाठीही सिमप्लॉट वापरणारे अनेक संशोधक याच पुण्याच्या शोधनिबंधाचा हवाला देतात.

उपचारांपुरते बोलायचे तर दिलासा आहे. सी असो वा मिश्र, आजची विषाणूरोधक (एआरटी) औषधे एम गटातल्या उपप्रकारांवर काम करतात. भारतात ती १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. गोळी घेणाऱ्या मजुराला आपला उपप्रकार ठाऊक नसला तरी चालते. गोळी चुकली तर मात्र चालत नाही. हंगामात गाव सोडताना दोन-तीन महिन्यांचे औषध सोबत मिळणे त्याच्यासाठी अधिक मोलाचे. लसीचे तसे नाही. २००५ मध्ये पुण्यात सी उपप्रकारावर आधारलेल्या लसीची चाचणी झाली, पण पुरेशी प्रतिकारक्षमता दिसली नाही. विषाणूचे हे वैविध्य लसीच्या वाटेतला मोठा अडसर आहे, आणि म्हणून प्रत्येक भागातला नमुना महत्त्वाचा.

नमुना मागताना स्वागत समितीचा आग्रह मात्र ऐकावा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे. जनुकक्रमांच्या साम्यावरून ‘कोणाकडून कोणाला’ हे शोधण्याचा मोह होऊ शकतो. त्या साम्यावर कोणत्याही बाईला किंवा मजुराला दोषी धरता कामा नये. नोंदीत पाड्याचे नाव येऊ नये. संमतीपत्र मराठीत असावेच, शिवाय कोकणी आणि वारली बोलणाऱ्यांना ते तोंडी समजावून सांगावे. आणि तपासणीतून उपचाराला उपयोगी असे काही हाती आले, तर ते नियतकालिकात छापण्याआधी त्या रुग्णाच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचावे. या मागण्यांवर आजच्या पहिल्याच सत्रात चर्चा व्हावी, अशी विनंती अध्यक्षांना केलेली आहे.