हत्यारावरील कारागिराची खूण

खुरपे, विळा, कोयता, कुऱ्हाड ही हत्यारे आपल्या परिचयाची आहेत; परंतु आपल्या घरातले खुरपे कोणी घडविले, असे विचारले तर उत्तर किती जणांना देता येईल? पूर्वी हा प्रश्नच उद्भवत नसे. गावचा लोहार बलुतेदार होता. विळ्याची धार वळली, की शेतकरी तो घेऊन थेट भात्यापाशी जाई आणि चार माणसांदेखत जाब विचारी. लोहाराचा चेहरा हीच त्याच्या मालाची खूण होती.

आता हुमनाबादसारख्या, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरच्या गावी माल दहा दिशांनी येतो. कारखान्याच्या विळ्यावर छाप असतो. शेजारी टांगलेल्या, हाताने घडविलेल्या विळ्यावर बहुधा काहीच नसते. त्यामुळे कच्चे काम करणारा सुखरूप सुटतो आणि उत्तम काम करणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येऊ शकत नाही. हा दुसरा तोटा मला अधिक मोठा वाटतो.

या निनावीपणाचा इतिहास आपल्याच दख्खनमध्ये आहे. निजामाबादकडील कोनासमुद्रम येथे मुशीत पोलाद तयार होत असे आणि ते खरेदी करण्यासाठी इराणी व्यापारी येत. डॉ. व्हॉयसी यांनी पाहिलेली ती रीत त्यांच्या पश्चात १८३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हिंदी पोलादाच्या तलवारी जगभर वाखाणल्या गेल्या. त्यांपैकी कित्येकींवर इस्फहानच्या असदुल्लाचे नाव कोरलेले आढळते. मुशीपाशी घाम गाळणाऱ्याचे नाव कोठेही नाही. गंमत अशी, की असदुल्लाच्या नावाची पाती शतकाहून अधिक काळात विखुरलेली आहेत. एका माणसाच्या हातून ती होणे अशक्य! नाव चालते असे दिसताच इतरांनी ते उचलले.

चोरीचा हा धोका ओळखून इंग्लंडातील शेफील्डच्या चाकूकारांनी १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने आपला संघ स्थापन केला आणि प्रत्येक कारागिराची खूण संघाच्या दप्तरी नोंदली जाऊ लागली. आपल्या शेजारच्या बिदरी कामाला २००६ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंद मिळाली, ही आनंदाचीच गोष्ट. पण तिने गावाचे नाव राखले जाते, घडविणाऱ्या हाताचे नव्हे.

खूण कोणती घ्यावी? हुमनाबादच्या बाजारात कानडी, मराठी, उर्दू अशा तिन्ही लिप्यांचे वाचक भेटतात, आणि एकही लिपी न येणारेही. म्हणून अक्षरांपेक्षा आकृती बरी: चंद्रकोर, मासा, तीन ठिपके. देवाची आकृती मात्र टाळावी. खुरपे चिखलात आणि पायाखाली जायचे असते.

खुणेचा ठसा चांगल्या पोलादाचा हवा. जुन्या कानशीचा तुकडाही चालतो. तो तापवून हळूहळू निवू द्यावा, म्हणजे कोरण्याइतका मऊ होतो. आकृती उलटी कोरावी. दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर दाबली, की सुलटी कशी उमटेल ते लगेच दिसते. मन भरल्यावरच ठशाला पाणी द्यावे आणि पुन्हा थोडा ताव देऊन त्याचा ठिसूळपणा घालवावा. नाहीतर पहिल्याच घावाला त्याचे तुकडे होतील.

हत्यारावर ठसा मारावयाचा तो हत्याराला पाणी देण्यापूर्वी. एकदा पोलाद कठीण झाले, की ते ठसा घेत नाही, उलट ठसाच बोथट होतो. जागा कानशीने स्वच्छ करावी. जळलेल्या लोखंडाची पापडी राहिली, तर खूण पुढे तिच्याबरोबर निघून जाते. घाव एकच आणि सरळ घालावा. धारेजवळ खूण कधीही नको: पाणी देताना खोल, टोकदार खाचेपासून तडा जाण्याचा संभव असतो, शिवाय घासून घासून धार मागे सरकते आणि खूण पुसली जाते. खुरप्यावर मुठीलगत, कुऱ्हाडीवर दांड्याच्या भोकाच्या बाजूला तिची जागा. लोखंडी अंगाला पोलादी धार सांधलेली असेल, तर खूण लोखंडावर मारावी. ते मऊ असते.

राहिला कायद्याचा प्रश्न. १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा २००३ पासून अमलात आहे. एकट्या कारागिरालाही त्याखाली चिन्ह नोंदविता येते; नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे वाढविता येते. अर्जाचे शुल्क मात्र हजारांच्या घरात आहे आणि खुरपी विकून तेवढी रक्कम उभी करणे सोपे नाही. म्हणून नोंदणीसाठी अडून राहू नये. नोंद नसलेल्या पण बाजारात रुळलेल्या चिन्हाची कोणी नक्कल केली, तरी न्यायालयात दाद मागता येते. तेव्हा वापर सिद्ध करावा लागतो. यासाठी पहिल्या वर्षापासून तारखेच्या पावत्या आणि खूण मारलेले एकेक हत्यार घरी जपून ठेवावे.