विटीदांडू विद्वानांच्या परिषदेत



ज्या व्यासपीठावरून आपण अर्थकारण आणि अध्यात्म ऐकता, त्यावर विटीदांडू घेऊन उभे राहणे धाडसाचेच आहे. पण पोरखेळ म्हणून आपण जो विषय बाजूला सारतो, त्याच एका विषयावर जगात विद्वानांच्या परिषदा भरतात. लायडन येथील इतिहासाचे प्राध्यापक योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात, संस्कृती खेळाच्या पोटी आणि खेळाच्या रूपाने वाढते, असा विचार मांडला. त्याच लायडनला १९९५ मध्ये पटावरील खेळांच्या अभ्यासकांची परिषद भरली आणि पुढे ती निरनिराळ्या देशांत भरत आली. संगणकावरील खेळांच्या अभ्यासकांचीही २००३ पासून स्वतंत्र संस्था आहे.

अशा परिषदेत निबंध कसा जातो? प्रथम आवाहन निघते. आपण आपल्या निबंधाचा दोन-चारशे शब्दांचा गोषवारा पाठवायचा. पुष्कळ ठिकाणी त्यावरचे नाव झाकून तो परीक्षकांकडे जातो. लेखक प्राध्यापक आहे की पेन्शनर कारकून, हे त्यांना ठाऊक नसते. त्यांच्यासमोर असतो फक्त कागद. म्हणूनच आपल्यासारख्यांनाही तेथे वाव आहे. आणि म्हणूनच तेथे कोणाची भीडही चालत नाही.

ती कशी चालत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. लहानपणी आम्ही विटी कोलली की ती पडे तेथपर्यंतचे अंतर दांडूने मोजत असू, आणि मोजताना म्हणत असू : वकट, लेंड, मूंड, नाल. मोजणी ज्या शब्दावर संपे, त्यावरून पुढचा टोला कसा मारायचा ते ठरे. या शब्दांचा अर्थ आम्ही कोणी कधी विचारला नाही. पुढे नोकरीत एक तेलुगू सहकारी भेटले. ते एक-दोन-तीन-चार मोजू लागले : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु! मी थक्कच झालो. अंकगणितात एक, दोन, तीन म्हणणारे आम्ही मराठी पोर खेळाच्या मैदानात तेलुगूत मोजत होतो!

त्या भरात मी गोषवारा लिहिला : विटीदांडू हा खेळ आंध्रातून महाराष्ट्रात आला. एका परिषदेकडे पाठवला. तो परत आला. सोबत परीक्षकाचा शेरा होता. त्याचा आशय असा की, शब्द आले हे दिसते, पण खेळ आला हे कशावरून? त्या दिवशी मला राग आला. आज वाटते, परीक्षकाने माझ्यावर उपकारच केले.

कारण माझ्या हातून झालेली चूक फार मोठ्या माणसाच्या हातूनही झालेली आहे. एडवर्ड टायलर हे इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ. १८७८ मध्ये लंडनच्या मानववंशशास्त्र संस्थेपुढे त्यांनी एक निबंध वाचला. विषय होता मेक्सिकोतील पातोली हा प्राचीन खेळ आणि आपली पचिसी. दोहोंचा पट फुलीसारखा. आपल्याकडे कवड्या टाकायच्या, तिकडे खुणा केलेल्या घेवड्याच्या बिया. आणि पडेल त्या दानाप्रमाणे सोंगट्या चालवायच्या. इतके साम्य दोन ठिकाणी स्वतंत्रपणे कसे उद्भवेल? तेव्हा हा खेळ कोलंबसाच्या आधीच आशियातून अमेरिकेत गेला असावा, असा टायलरांचा निष्कर्ष. पुढे १९५० मध्ये चार्ल्स इरॅस्मस या अमेरिकन अभ्यासकाने त्याला उत्तर दिले. त्याचे म्हणणे साधे होते : दान टाकून सोंगट्या चालवायच्या म्हटल्यावर पट आखण्याचे मार्ग असून असून किती असणार? मार्गच थोडे असले की दोन अनोळखी माणसेही एकाच वाटेने जातात. केवळ साम्य म्हणजे नाते नव्हे.

माझ्यापाशी साम्याहून थोडे अधिक होते. चार शब्द ओळीने आणि क्रमाने जुळावेत, हा योगायोग मानणे कठीण. पण त्यातून मोजणी इकडे आली, एवढेच काय ते निघते. खेळ आधीच येथे असेल आणि मोजणी मागून आली असेल. ‘आमचा खेळ सर्वांत प्राचीन’ किंवा ‘हा त्यांच्याकडूनच आला’, अशी वाक्ये सभेत टाळ्या मिळवतात. परिषदेत ती पुरावा मागतात. आणि मागावाच!

मग आपण काय पाठवावे? प्रथम, खेळ असा लिहावा की ज्याने तो जन्मात पाहिला नाही त्याला तो खेळता यावा. गडी किती, गल केवढी, डाव कोणावर, भांडण झाले तर निवाडा कसा. दुसरे, आपण तो कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणाकडून शिकलो ते नमूद करावे. शेजारच्या गावी नियम वेगळा असेल, तर त्याला चूक म्हणू नये. तो फरक हाच मोलाचा पुरावा. आणि शेवटी एकच प्रश्न निवडावा व पुराव्याला पेलेल तेवढेच उत्तर द्यावे.

हे आजच का करायचे? इराकमध्ये उर येथे १९२० नंतरच्या दशकात लिओनर्ड वूली यांना साडेचार हजार वर्षांपूर्वीचे सुंदर पट सापडले. पट होते, सोंगट्या होत्या. खेळणारा कोणी उरला नव्हता. पुढे त्याच जातीच्या खेळाचे काही नियम हाती आले ते इसवी सनापूर्वी १७७-१७६ च्या सुमारास एका बाबिलोनी लेखनिकाने मातीच्या विटेवर लिहून ठेवले होते म्हणून. ब्रिटिश म्यूझियममधील अर्विंग फिंकेल यांनी ती वीट वाचली. त्या लेखनिकालाही कोणी म्हटले असेल, ‘काय हा पोरकटपणा!’

आपल्या घरात सागरगोट्यांचे सगळे डाव जाणणारी एखादी आजी आहे. सारीपाटाची दाने तोंडपाठ असणारे एखादे काका आहेत. त्यांच्याबरोबर जे जाईल ते कोणत्याही उत्खननात सापडणार नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर एक वही घ्या आणि त्यांच्यापाशी बसा. परिषद पुढे पाहू. आधी वही भरू द्या.

आणि माझा गोषवारा? मी तो पुन्हा लिहिला आहे. या खेपेस त्यात दावा लहान आहे आणि गावांची यादी मोठी. त्या यादीत भर घालण्यासाठी आपल्यापैकी ज्यांना नालच्या पुढचे शब्द आठवत असतील, त्यांनी सभा संपल्यावर मला अवश्य गाठावे. ते ऐकण्यासाठी मी येथेच थांबणार आहे.